चॅम्पियन्स लीगचं गणित : छत्तीस संघ, एक टेबल आणि भरपूर डोकेदुखी

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रात्री दीड वाजता जागे राहणारे दोनच प्रकारचे लोक. एक, उद्या सबमिशन असलेले आणि दुसरे, चॅम्पियन्स लीग बघणारे. (दोन्ही एकाच वेळी असणारेही काही महाभाग आहेत, त्यांना आपला सलाम!) पण गंमत अशी की मॅच बघणारे भरपूर, मेस्सी मोठा की रोनाल्डो यावर जेवणाचं ताट विसरून भांडणारे त्याहून जास्त, आणि तरीही "ही टीम पंधरावी आली, मग अजून स्पर्धेत कशी?" असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. त्यात २०२४ पासून सगळा फॉरमॅटच बदलला. म्हणून हा लेखप्रपंच. इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन प्रोसेस ज्याला समजली, त्याला हे समजायला काहीच हरकत नाही.

थोडा इतिहास

गोष्ट सुरू होते १९५४ च्या डिसेंबरात. इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने हंगेरीच्या होनव्हेद या जबरदस्त संघाला हरवलं आणि इंग्लिश पेपरवाल्यांनी आपला संघ जगज्जेता असल्याचं जाहीर करून टाकलं. फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकातले गॅब्रिएल हानो यांना हे काही पटलं नाही. घरच्या आणि बाहेरच्या, दोन्ही मैदानांवर खेळा आणि मग ठरवा, असं त्यांचं म्हणणं. त्यातून १९५५-५६ मध्ये युरोपियन कप सुरू झाला. सोळा क्लब, सरळ बाद फेरी, फायनल सोडून प्रत्येक लढत दोन मॅचची, एक घरी आणि एक बाहेर. पहिले पाचही कप रिअल माद्रिदने नेले.

त्या काळी नियम अगदी साधा होता. आपल्या देशाची लीग जिंका आणि या. म्हणजे एका देशाचा एक क्लब, शिवाय आधीच्या वर्षीचा विजेता. सोपं आणि स्वच्छ, पण फार निर्दय. सप्टेंबरमध्ये पहिल्याच फेरीत एखाद्या तगड्या संघाशी गाठ पडली की वर्षभराची मेहनत दोन मॅचमध्ये पाण्यात. मोठ्या क्लबांना आणि टीव्हीवाल्यांना हे परवडेना. म्हणून १९९१-९२ मध्ये गटसाखळी आली, १९९२-९३ मध्ये नाव बदलून 'चॅम्पियन्स लीग' झालं आणि १९९७-९८ पासून काही देशांच्या उपविजेत्यांनाही प्रवेश मिळाला. १९९९ पासून तर एका देशाचे चार-चार क्लब येऊ लागले. नाव चॅम्पियन्स लीग, पण येणारे सगळे चॅम्पियन नाहीत! हा विरोधाभास तेव्हापासून आजतागायत आहे. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००३-०४ ते २०२३-२४ अशी एकवीस वर्षं एकच पद्धत चालली. ३२ संघ, चार-चारचे ८ गट, गटातले पहिले दोन बाद फेरीत. आपल्यापैकी बहुतेकांनी हीच स्पर्धा पाहिली आणि हीच डोक्यात बसली आहे. आता ती विसरा.

नवा फॉरमॅट : आठ पेपर, प्रत्येकाचे वेगळे

२०२४-२५ पासून गट नाहीत. ३६ संघांचं एकच मोठं टेबल. प्रत्येक संघ आठ मॅच खेळतो, चार घरी आणि चार बाहेर, आणि आठही प्रतिस्पर्धी वेगवेगळे. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १.

आता प्रश्न असा की ३५ पैकी कुठले आठ? त्यासाठी ३६ संघांचे नऊ-नऊचे चार पॉट करतात. गेल्या पाच वर्षांतल्या युरोपियन कामगिरीवरून प्रत्येक क्लबचे गुण काढतात, त्यांना कोएफिशंट म्हणतात. त्यात वरचे पहिल्या पॉटमध्ये, आणि गतविजेत्याला पहिल्या पॉटमध्ये राखीव जागा. मग प्रत्येक संघाला प्रत्येक पॉटमधले दोन प्रतिस्पर्धी मिळतात, एक घरी आणि एक बाहेर. वर दोन अटी. एक, आपल्याच देशाचा क्लब समोर यायचा नाही. दोन, दुसऱ्या कुठल्याही एका देशाचे दोनापेक्षा जास्त क्लब यायचे नाहीत.

कॉम्प्युटरवाल्यांच्या लगेच लक्षात येईल की हा 'कन्स्ट्रेंट'चा प्रॉब्लेम आहे. चिठ्ठ्या काढता काढता मध्येच असं होऊ शकतं की उरलेल्या संघांना नियमात बसणारा प्रतिस्पर्धीच सापडत नाही. म्हणून २९ ऑगस्ट २०२४ ला मोनॅकोमध्ये जो ड्रॉ झाला, त्यात संघाचा चेंडू माणसाने हाताने काढला आणि त्याचे आठ प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरने ठरवले. सगळं हातानेच करायचं तर कित्येक तास गेले असते.

बरेच जण याला 'स्विस सिस्टीम' म्हणतात. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हा शब्द नवीन नाही, आपल्याकडच्या बहुतेक खुल्या स्पर्धा स्विसच असतात. पण फरक आहे. बुद्धिबळात एक फेरी झाली की गुण पाहून पुढची जोडी लावतात, जिंकणारा जिंकणाऱ्याशी. इथे तसं नाही. आठही प्रतिस्पर्धी आधीच ठरलेले. विमानं, हॉटेलं, टीव्ही, तिकिटं हे सगळं बघायचं म्हटल्यावर दर फेरीनंतर जोड्या लावणं शक्यच नाही. तेव्हा एक टेबल आणि मोजक्याच मॅच एवढंच स्विस, बाकी माल युरोपियन.

आता मॅचचा हिशोब करा. ३६ संघ गुणिले ८, भागिले २, म्हणजे १४४ मॅच. जुन्या गटसाखळीत ९६ होत्या. बाद फेऱ्या धरून पूर्वी एकूण १२५ व्हायच्या, आता १८९. म्हणजे ६४ मॅच जास्त. जाहिराती कुणाला जास्त मिळाल्या हे सांगायला नकोच.

निकाल : पास, एटीकेटी आणि नापास

टेबल पूर्ण झालं की तीन भाग पडतात.

१ ते ८ : डिस्टिंक्शन. थेट शेवटच्या सोळांत.

९ ते २४ : एटीकेटी! या सोळा संघांना आधी एक जादा फेरी खेळावी लागते, तिला प्लेऑफ म्हणतात. दोन मॅचची लढत. ९ ते १६ वाल्यांची गाठ १७ ते २४ वाल्यांशी, आणि वरच्याला दुसरी मॅच घरच्या मैदानावर.

२५ ते ३६ : घरी. पूर्वी गटात तिसरा आलेला संघ खालच्या युरोपा लीगमध्ये जायचा. ती पळवाट आता बंद.

बाद फेरीचा तक्ताही क्रमांकावरूनच बांधतात. ९-१० ची गाठ २३-२४ शी, ११-१२ ची २१-२२ शी, १३-१४ ची १९-२० शी आणि १५-१६ ची १७-१८ शी. या शेवटच्या गटातून जे निभावतात, त्यांच्यापुढे पहिला किंवा दुसरा संघ उभा असतो. म्हणजे कागदावर तरी जितका वरचा नंबर तितका सोपा रस्ता. पहिला आणि दुसरा संघ तक्त्याच्या दोन वेगळ्या भागांत असतात, त्यामुळे त्यांची गाठ पडली तर फायनललाच. बाद फेरीत फायनल सोडून सगळ्या लढती दोन मॅचच्या. बाहेरच्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा, हा जुना प्रसिद्ध नियम २०२१ मध्येच गेला. बेरीज सारखी झाली की एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर? आधी गोलफरक, मग एकूण गोल, मग बाहेर केलेले गोल, मग विजयांची संख्या आणि असंच पुढे. जुन्या गटसाखळीत आधी आपसातली मॅच बघत, आता मात्र बरेचसे संघ एकमेकांशी खेळतच नाहीत, त्यामुळे ते शक्य नाही.

तीन गोलांची गोष्ट

हा गोलफरक किती महाग पडू शकतो ते पाहायचं असेल तर क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबला विचारा. १७ सप्टेंबर २०२४, पहिलीच मॅच, बायर्न म्युनिकच्या घरी. मध्यंतराला ०-३, पण नंतर पटापट दोन गोल करून झाग्रेबने ३-२ पर्यंत आणलं. आणि मग बांध फुटला. मॅच ९-२ ने संपली.

अशा वेळी सगळेच म्हणतात, "हरायचंच होतं, पाचने काय आणि नऊने काय?" पण झाग्रेब खचलं नाही. पुढच्या सात मॅचमधून त्यांनी ११ गुण काढले, शेवटच्या मॅचमध्ये एसी मिलानलाही २-१ ने हरवलं. बेल्जियमच्या क्लब ब्रूजचेही ११ च गुण. गोलफरक ब्रूजचा उणे ४, झाग्रेबचा उणे ७. ब्रूज चोविसावं, झाग्रेब पंचविसावं आणि बाहेर! म्युनिकमध्ये ती मॅच नुसती ६-२ ने हरले असते तरी गोलफरक सारखा झाला असता आणि एकूण गोल जास्त म्हणून झाग्रेब पुढे गेलं असतं. सप्टेंबरमधल्या त्या रात्री कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या शेवटच्या तीन गोलांनी जानेवारीत निकाल लावला.

आणि ब्रूजचं काय झालं? चोविसाव्या नंबरच्या ब्रूजने प्लेऑफमध्ये नवव्या नंबरच्या अटलांटाला दोन्ही मॅचमध्ये हरवलं. अटलांटाचे गुण १५, आठव्या अ‍ॅस्टन व्हिलाचे १६. एका गुणाने डिस्टिंक्शन हुकलं आणि एटीकेटीत विकेट गेली!

२९ जानेवारी २०२५ ची ती शेवटची रात्र ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. अठराच्या अठरा मॅच एकाच वेळी. मँचेस्टर सिटी मध्यंतराला याच ब्रूजविरुद्ध ०-१ ने मागे होतं, तसंच राहिलं असतं तर बाहेर. शेवटी ३-१ ने जिंकून बाविसावं आलं. त्याबद्दल बक्षीस काय मिळालं? प्लेऑफमध्ये रिअल माद्रिद! माद्रिदने दोन्ही मॅच जिंकून त्यांना घरी पाठवलं.

पण खरी कमाल पॅरिस सेंट-जर्मेनची. पाच मॅचनंतर फक्त ४ गुण. सातव्या मॅचमध्ये सिटीविरुद्ध ०-२ ने मागे पडले आणि ४-२ ने जिंकले. कसेबसे पंधरावे आले. टेबलात पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला सोपा रस्ता मिळायला हवा होता ना? त्यांच्या वाट्याला हेच पॅरिस आलं आणि पेनल्टीवर लिव्हरपूल बाहेर पडलं. ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये पॅरिसने इंटर मिलानला ५-० ने धुऊन कप नेला. त्यासाठी १७ मॅच खेळावी लागली. जुन्या पद्धतीत विजेत्याच्या १३ होत. तेव्हा एटीकेटीवाल्यांनी निराश होऊ नये.

प्रवेशप्रक्रिया : कोटा कुणाला, कॅप राउंड कुणाला

आता मुख्य मुद्दा. ३६ जागा भरतात कशा? २९ जागा थेट आणि ७ जागा पात्रता फेऱ्यांतून.

थेट जागांचा हिशोब असा. गतविजेता १. खालच्या युरोपा लीगचा विजेता १. पहिल्या चार क्रमांकांच्या देशांना प्रत्येकी ४, म्हणजे १६. पाचव्या देशाला ३, सहाव्याला २. सात ते दहा क्रमांकाच्या देशांचा फक्त चॅम्पियन, म्हणजे ४. झाले २७. उरलेल्या २ जागा बोनस. त्या आदल्या हंगामात ज्या दोन देशांच्या क्लबांनी युरोपात सरासरी सगळ्यात चांगली कामगिरी केली, त्यांच्या लीगमधल्या पुढच्या नंबरच्या क्लबला.

हे देशांचे क्रमांक कुठून येतात? देशाच्या सगळ्या क्लबांनी एका हंगामात तिन्ही युरोपियन स्पर्धांत मिळवलेल्या गुणांची बेरीज करायची, त्याला त्या देशाच्या क्लबांच्या संख्येने भागायचं, आणि अशा पाच हंगामांची बेरीज करायची. समजा एका देशाच्या ४ क्लबांनी ८० गुण मिळवले, तर सरासरी २०. दुसऱ्याच्या ८ क्लबांनी १०० मिळवले तरी सरासरी १२.५. म्हणजे एक क्लब टॉपर असून भागत नाही, सगळ्या बॅचचा निकाल चांगला लागावा लागतो. म्हणूनच एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे क्लब युरोपात मात्र एकमेकांच्या विजयाची वाट बघतात. २०२४-२५ मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांना बोनस जागा मिळाल्या आणि त्या जोरावर न्यूकॅसल आणि व्हिलारिअल हे आपापल्या लीगमधले पाचवे क्लब आत आले.

युरोपा लीगच्या जागेची गंमत तर आणखी न्यारी. त्याच हंगामात टॉटनहॅम इंग्लिश लीगमध्ये सतरावं आलं, म्हणजे खाली घसरण्यापासून एकच पायरी वर. पण युरोपा लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये दाखल. त्यामुळे २०२५-२६ मध्ये एकट्या इंग्लंडचे सहा क्लब!

उरलेल्या ७ जागांसाठी उन्हाळ्यात पात्रता फेऱ्या होतात. त्यांचे दोन वेगळे रस्ते. पहिला चॅम्पियनांचा, म्हणजे छोट्या देशांच्या लीगविजेत्यांचा, त्यात ५ जागा. दुसरा विजेते नसलेल्यांचा, त्यात २ जागा. हे दोन रस्ते २००९ पासून वेगळे केले, नाहीतर छोट्या देशाच्या चॅम्पियनला मोठ्या देशाचा चौथ्या नंबरचा क्लब आडवा यायचा. प्रत्येक लढत दोन मॅचची. हरलात तरी लगेच सगळं संपत नाही, कुठल्या फेरीत हरलात त्यावर युरोपा किंवा कॉन्फरन्स लीगचं दार उघडं असतं.

या रस्त्याने कोण येतं? २०२५ चं उदाहरण घ्या. कझाकस्तानच्या अल्माटी शहराचा कैरात क्लब. जुलैमध्ये पहिल्या फेरीपासून सुरुवात. स्लोव्हेनियाचा ओलिंपिया, फिनलंडचा कूप्स, मग स्लोव्हाकियाचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा पेनल्टीवर, आणि शेवटी १९६७ चा युरोपियन विजेता सेल्टिक. दोन्ही मॅच ०-०, पुन्हा पेनल्टी, आणि कैरात पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगमध्ये! पहिली मॅच कुठे, तर लिस्बनला, जवळपास सात हजार किलोमीटर दूर. तिथे ४-१ ने हरले. मग त्यांच्या घरी रिअल माद्रिद आलं आणि पाच गोल मारून गेलं. पण अल्माटीच्या पोरांनी माद्रिदला आपल्या गावात खेळताना पाहिलं. आठ पात्रता मॅचची कमाई म्हणजे हीच.

मग हे न्याय्य आहे का?

इथे खरा वाद आहे. आणि तो नुसता फुटबॉलचा नाही.

१८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापक क्लबांना कायमची जागा, कितीही वाईट खेळा, बाहेर काढणार नाही. इंग्लंडमध्ये त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी काढता पाय घेतला. ३६ संघांच्या नव्या फॉरमॅटला युरोपियन फुटबॉलच्या युएफाने मंजुरी दिली ती दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला. सुरुवातीला त्यात प्रत्येकी दहा मॅच होत्या आणि दोन जागा जुन्या पुण्याईवर, म्हणजे नुसत्या कोएफिशंटवर द्यायच्या होत्या. टीका झाली. २०२२ मध्ये दहाच्या आठ मॅच झाल्या आणि त्या दोन जागा वर सांगितलेल्या बोनसमध्ये बदलल्या. म्हणजे नाव बघून प्रवेश नाही, लीगमध्ये नंबर काढूनच यायचं. हा बदल छोटा वाटतो, पण स्पर्धेचं दार उघडं राहिलं ते त्यामुळे.

तरी दार सगळ्यांना सारखं उघडं नाही. २०२५-२६ च्या ३६ पैकी २२ क्लब पाचच देशांचे : इंग्लंड ६, स्पेन ५, इटली ४, जर्मनी ४, फ्रान्स ३. बाकी सगळ्या युरोपला उरल्या १४ जागा. या पाच देशांबाहेरच्या क्लबाने कप जिंकला तो २००४ मध्ये, पोर्तुगालच्या पोर्तोने. त्यानंतर २०२५ पर्यंत एकानेही नाही. कारण साधं आहे. आत आला की पैसा, पैशाने चांगले खेळाडू, चांगल्या खेळाडूंनी गुण, गुणांनी वरचा पॉट आणि देशाला जास्त जागा. कंट्रोल सिस्टीमवाले ओळखतील, हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. आणि असा लूप आपोआप स्थिर होत नाही, हेही त्यांना माहीत आहे.

दुसरा आक्षेप पेपरांचा. सगळ्यांचा निकाल एकाच टेबलात, पण प्रश्नपत्रिका वेगळ्या. पॅरिसच्या वाट्याला त्या वर्षी बायर्न, सिटी, आर्सेनल आणि अ‍ॅटलेटिको चौघेही आले होते. पॉटमुळे काठिण्य बरंचसं सारखं होतं, पूर्णपणे नाही. याउलट बाजू अशी की जुन्या गटसाखळीत चार मॅचनंतर अनेक संघांचा निकाल लागलेला असायचा, आता शेवटच्या रात्रीपर्यंत बहुतेकांचा जीव टांगणीला.

जाता जाता, ही साथ आशियातही पोचली आहे. २०२४-२५ पासून आशियाच्या वरच्या स्पर्धेतही पश्चिम आणि पूर्व विभागांत बारा-बारा संघांची एकेक टेबलं आणि प्रत्येकी आठ मॅच अशी साखळी आली. आपल्या एफसी गोवाने २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळून पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला होता. तोही लीगमध्ये पहिला नंबर काढूनच, कुणाच्या कोट्यातून नव्हे.

तर मंडळी, पुढच्या वेळी टेबल बघताना पहिला नंबर बघू नका, आठवा आणि चोविसावा बघा. खरी मॅच तिथे चालू असते. आणि आपली टीम ०-५ ने मागे असताना चॅनल बदलायला रिमोट उचललात, तर दिनामो झाग्रेबची आठवण ठेवा. सहावा गोल वाचवणंही कधीकधी सेमिस्टर वाचवतं!